हिंगाची डबी वाचणाऱ्या वाघमारे मॅडम

वाघमारे मॅडमना साठ वर्षं पूर्ण झाली, म्हणून त्यांच्या कचेरीतली मंडळी हा गौरवग्रंथ काढत आहेत. मीही लिहावं असं सांगायला दोघं जण हडपसरला आले. मी म्हटलं, "अहो, माझं शिक्षण चौथी. आणि मॅडमनी मला दिलं काय, तर नोटीस." ते म्हणाले, "तेच लिहा." म्हणून लिहिते.

मॅडमची पहिली ओळख माझ्या दुकानात झाली. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. माझी नात मुक्ता तेव्हा नऊ वर्षांची. तिला गहू चालत नाही, त्याने आतडं खराब होतं, असं सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही घरातून गहू हद्दपार केला. गिरणीत पिठात पीठ मिसळतं म्हणून घरघंटी घेतली. मुक्तासाठी मी ज्वारीच्या चकल्या करू लागले. त्या लोकांना आवडल्या, तशी विकूही लागले. मुलगा प्रकाश कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याने 'ग्लूटेन फ्री', म्हणजे गव्हातला तो चिकट पदार्थ यात नाही, अशी झकास लेबलं छापून आणली. आयटीवाल्यांच्या सोसायट्यांत या शब्दाला फार मान.

मुक्ताचं पोट मात्र दुखायचंच. अंगही धरेना. शाळेत मैत्रिणींची बिस्किटं खात असणार, असं मी धरून चालले. ती नाही म्हणाली, तर खोटं बोलते म्हणून दोन थपडा दिल्या.

अशात मॅडम तपासणीला आल्या. त्या तेव्हा अन्नसुरक्षा अधिकारी होत्या. चहा विचारला, तर नको म्हणाल्या. पुण्यात चहा विचारणारं माणूस मिळत नाही, आणि मिळालं तर यांना नको. पाकीट उलटंसुलटं करून त्यांनी विचारलं, "आजी, हे ग्लूटेन फ्री आहे असं कुणी तपासलं?"

"तपासायचं काय त्यात? माझी नात खाते."

"नातीची तब्येत सुधारली का?"

मी चकल्यांची पाकिटं नीट रचू लागले. ती नीटच रचलेली होती.

मॅडमनी घरघंटी उघडून पाहिली. चाळणी, तीळ, ओवा, तिखट, सगळं पाहिलं. मग हिंगाची डबी उचलून चष्मा लावला. "आजी, यात गव्हाचं पीठ आहे."

"हिंगात गहू? काहीतरीच!"

त्यांनी डबी शेजारी उभ्या प्रकाशच्या हातात दिली. बारीक इंग्रजीत लिहिलेलंच होतं. मी म्हटलं, "इंजिनिअर ना रे तू?" तर म्हणतो, "आई, हिंगाची डबी कोण वाचतं?"

म्हणजे पोर खरं बोलत होती. गहू तिला मीच भरवत होते, चिमूट चिमूट.

मॅडमनी तिथेच बसून नोटीस लिहिली. विक्री बंद, बाहेर गेलेला माल परत मागवा. मी भांडले, "गहू घातला कंपनीने, आणि नोटीस मला?"

"कंपनीने घातला आणि तसं लिहिलं. तुम्ही वाचलं नाहीत, आणि नाही म्हणून लिहिलंत."

 मग त्यांनी नियम सांगितला. किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन निघालं, तर तो शब्द छापायचा नाही; आणि किती निघालं ते प्रयोगशाळेने सांगायचं, आजीने नाही. प्रकाशने सूर लावला, "मॅडम, आम्ही लहान माणसं, जरा समजून घ्या." मॅडम म्हणाल्या, "ज्यांच्यासाठी हे विकत घेतात, तीही लहानच असतात."

चार दिवसांनी, रविवारी, मॅडम पुन्हा दारात. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून आल्या होत्या. माझ्या स्वयंपाकघरातला एकेक पुडा वाचून त्यांनी गव्हाच्या वस्तूंवर खडूने फुल्या मारल्या. सांबार मसाला गेला. हिंगामुळे माझ्या हातचं लोणचंसुद्धा गेलं. त्या दिवशी मात्र चहा घेतला. म्हणाल्या, "आज मी कामावर नाही."

वर्षभरात मुक्ताने अंग धरलं. चकल्यांचा नमुना आधी नापास झाला, मग पास. मुक्ताची मी माफी मागितली. ती 'बरं' म्हणाली आणि खेळायला गेली.

शंभर वर्षं जगा, असं मी कुणाला म्हणत नाही. मी ब्याऐंशीची आहे, पुढे काय असतं ते बघते आहे. पण मुक्ता आता कॉलेजात जाते, आणि लग्न असो, बारसं असो, कशात काय घातलंय हे विचारल्याशिवाय घास घेत नाही. मॅडमकडे गेली की मुकाट्याने पानावर बसते. असं घर तिला बाहेर एकच आहे. तेव्हा मॅडम, हातपाय धड ठेवून भरपूर जगा.