पत्र्याआडचे मोमो

"एप्रन काढ आन् बिपुलला दे. आज तू आत."

मालक एवढंच म्हणाला. माझे हात सारणात होते. कोबी, गाजर, आलं, मिरी. समोर गिऱ्हाईक उभं. मी ओल्या हातानंच गाठ सोडली. बिपुलनं एप्रन घेतला, पण माझ्याकडं बघितलं नाही.

शिरूरजवळ हायवेला जिथं ऊस होता, तिथं हे हॉटेल झालं. हॉटेल म्हणायचं नाही, ही मालकाची ताकीद. कॅफे म्हणायचं. जगभरातलं रस्त्यावरचं खाणं इथं मिळतं असं बोर्डावर लिहिलंय. मोमोज, टॅको, शावरमा, रामेन. उघड्यावर रंगीत खुर्च्या, मोठाल्या छत्र्या, झाडांवर पिवळे बल्ब. एमआयडीसीतली पोरंपोरी येतात, पुण्याकडं जाणारी कुटुंबं थांबतात. मधोमध लाइव्ह काउंटर. म्हणजे खाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत करून द्यायचं.

त्या काउंटरवर मी मोमो वळायचे. कानवला आणि मोदक यांचं लग्न लावलं की मोमो होतो, त्यात काही जादू नाही. बिपुल आसामचा, माझ्याहून मोठा. त्यानंच मला चुण्या घालायला शिकवलं. लोक व्हिडिओ काढायचे. एक बाई म्हणाली, "काय सुंदर हात चालतात गं तुझे!" ते मी घरी जाऊन आईला दोनदा सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला त्या काउंटरचं वेड लागलं होतं. आमच्या घरातल्या बायकांच्या हातांकडं आजवर बघितलं ते फक्त मुकादमानं. कांदा भरभर काढतात की नाही, एवढंच बघायला.

मालक आमच्याच गावचा. न्हावऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर गाव आहे आमचं. तो पुण्यात शिकून आला. आम्ही त्याला दादा म्हणतो. कामावर घेताना म्हणाला होता, "मी जातबित काय मानत न्हाई. माझ्याकडं काम बोलतं." मी काही विचारलंच नव्हतं. तो आपण होऊन बोलला. चोराच्या मनात चांदणं, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या रविवारी त्याचे वडील येणार होते. आप्पा. गावात, सोसायटीत त्यांचा शब्द खाली पडत नाही. गावातली चार वजनदार माणसं घेऊन पोराचं हॉटेल बघायला पहिल्यांदाच येत होते.

"पन मी आत कशापायी?" मी विचारलं.

"गावची मानसं हायत. तुला वळखत्यात. समजून घे की."

"मंग वळखू द्या."

तो चिडला नाही. हसला. म्हणाला, "तुझ्या बापानं पन लग्नात आचारी लावलाच व्हता. त्यात काय एवढं?"

मी सारणाचं पातेलं उचललं.

ताईच्या लग्नाचं बोलत होता तो. मी लहान होते. आम्ही बौद्ध. आमच्या हातचं गाव जेवत नाही. म्हणून गावाला जेवण घालायचं तर वेगळा मांडव, वेगळी चूल आणि त्यांच्यातलाच आचारी. शिधा आमचा, सरपण आमचं, हात त्यांचे. आईनं मला दटावलं होतं, "तिकडं फिरकू नगं, शिवशील कशाला तरी." आबा, म्हणजे माझे वडील, पंगतीच्या टोकाला हात जोडून उभे होते. वाढायला नाही. नुसतेच. पोरीच्या लग्नात बाप पाहुण्यासारखा लांब उभा. आप्पा जेवून गेले याचं आबांना पुढं कितीतरी दिवस अप्रूप. "गाव जेवलं," म्हणायचे. आणि आज तेच जेवण त्या पोरानं माझ्या तोंडावर मारलं. आमचंच मुकाट सोसणं आमच्यावर कायदा म्हणून चालवलं.

मी आत गेले. हो, गेले. मला उत्तर सुचलं नाही म्हणून गेले.

आत म्हणजे पत्र्याच्या आड, भांडी घासतात तिथं. मी वळायचे, बिपुल येऊन न्यायचा, पुढं स्टीमरवर लावायचा. पत्र्याच्या फटीतून सगळं दिसत होतं. आप्पा आले, मंडळी छत्रीखाली बसली. बिपुलला कुणी जात विचारली नाही. आसामचा म्हटलं की झालं. परमुलखातल्या माणसाच्या हातचं गोड लागतं, अडचण फक्त शेजारणीची.

आप्पांनी मोमो तोंडात टाकला. "आयला, ह्ये तर आपल्या उकडलेल्या कानवल्यागत लागतंय!" मंडळी हसली. दुसरी प्लेट मागवली. मग बिपुलकडं बघून आप्पांनी विचारलं, "ह्यो गडी लांबून आनलाय व्हय?"

"आसामचा कारागीर हाय, आप्पा. समदं त्योच करतो."

समदं त्योच करतो.

बिपुलनं पत्र्याकडं बघितलं. मी ताट उचललं आणि बाहेर आले.

"आप्पा, ह्ये मी केल्यात. समदे. मी तुमच्याच गावची, भीमनगरातली." आबांचं नावही घेतलं. पूर्ण, आडनावासकट.

आप्पांचा घास तोंडातच राहिला. गिळेनात, थुंकेनात. मग कागदी रुमाल तोंडाला लावला आणि शांतपणे म्हणाले, "आसं व्हय. बरं केलंस सांगितलंस." पाण्याची बाटली मागवली आणि छत्रीच्या बुडाशी वाकून चूळ भरली. बाकीच्यांनी प्लेटा पुढं सारल्या. एकानं, मग दुसऱ्यानं. शेजारच्या टेबलावर कंपनीतल्या पोरी तेच मोमो चटणीत बुडवून खात होत्या. त्यांना यातलं काहीच कळलं नाही.

आप्पांनी शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं. शिवीला उत्तर देता येतं, चूळ भरण्याला काय देणार?

"घरी जा," मालक दातओठ खात म्हणाला.

एसटीत खिडकीशी बसून मी रडले. अपमान झाला म्हणून कमी, पत्र्याआड गेले म्हणून जास्त. त्याची लाज वाटत होती आणि संतापही येत होता, स्वतःचाच.

घरी आबा म्हणाले, "तुला काय गरज व्हती? गप ऱ्हायली असतीस तर निभावलं असतं."

"तुम्ही गप ऱ्हायलात आबा, म्हनून तर त्यो मला तसं बोलला."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडं बघत बसले. मला वाईट वाटलं. पण शब्द मागं घेतला नाही. अजूनही घेत नाही.

काही दिवसांनी मालक घरी आला. घरी म्हणजे दारासमोरच्या रस्त्यावर. बुलेट चालूच ठेवली.

"बिपुल एकटा पडतोय. उद्यापासनं ये. आतच बस, कुनाला कळायचं न्हाई. मी सोता मानत न्हाई, तुला ठाव हाय. पन धंदा हाय हा."

आबा लगबगीनं उठले. "यील की, दादा. यील ती."

आई चहा घेऊन बाहेर आली. त्यानं हात वर केला. "नगं काकी, आत्ताच झाला." आई लगेच माघारी वळली. सवयीनं. तिचं ते वळणं बघितलं आणि माझं डोकं फिरलं. मी तिच्या हातातला कप घेतला आणि रस्त्यावर गेले.

"घ्या, दादा. तुम्ही मानत न्हाई ना?"

त्यानं कपाकडं बघितलं. मग मान वळवून गल्लीच्या तोंडाकडं बघितलं, कुणी येतंय का. मग घड्याळाकडं.

"उशीर व्हतोय," म्हणाला.

"व्हय, लई उशीर झाला. मी येनार न्हाई. आत न्हाई, पुढं न्हाई. तुमच्याकडंच न्हाई."

तो गेला. आईनं कपाळावर हात मारला. आबांनी विचारलं, "आता काय करनार?"

शिरूरच्या बाजारात हातगाडी लावणार आहे. गाडी अजून झालेली नाही. जागा मिळेल का, माहीत नाही. मिळाली तरी तिथं बाजाराला गावचीच माणसं येणार, आणि मी कोण हे एकाच बाजारात सगळ्यांना कळणार. कळू दे. मीच सांगणार आहे. गाडीवर माझं नाव असेल, आडनाव असेल, गाव असेल, ठळक, लांबून वाचता येईल असं. ज्याला वाचता येत नाही त्याला प्लेट देण्याआधी मी तोंडानं सांगेन. खायचं त्यानं माझ्या तोंडाकडं बघून खावं. ज्याला घास जड वाटेल त्यानं पुढं चालायला लागावं.

मी हाक मारणार नाही.