जुन्या मोडावरचा मका

बस डाव्या बाजूला नालीत कलली होती. ड्रायव्हर रस्त्यावर उकिडवा बसून बुटात गेलेले मक्याचे दाणे झटकत होता. कुणाला फारसं लागलं नव्हतं. कंडक्टरच्या कपाळावर टेंगूळ होतं आणि कॉलेजला निघालेल्या पोरींपैकी दोघींचे डबे सांडले होते. मी मोटरसायकलवरून पोचले तेव्हा सगळं गाव बसभोवती उभं होतं. मक्याकडे मात्र कुणी बघत नव्हतं. इतक्या एकमताने न बघणं मी ग्रामसभेतसुद्धा पाहिलेलं नाही.

मी त्या रस्त्याची शाखा अभियंता. बांधकाम खात्यात रस्ता प्रत्यक्ष बघावाच लागतो असा जो शेवटचा इंजिनिअर असतो, तो मी. गाव वरवट बकालच्या पुढे आहे. नाव लिहीत नाही, कारण अशी गावं जिल्ह्यात भरपूर आहेत आणि बाकीच्यांना वाईट वाटेल.

झालं ते साधं होतं. रस्ता साडेपाच मीटर रुंद, म्हणजे समोरासमोरच्या दोन गाड्या थोडं सौजन्य दाखवलं तर निघतात. त्यातल्या डाव्या अर्ध्या भागावर मका वाळत होता आणि त्यावरून कुणी गाडी घालू नये म्हणून भोवती डोक्याएवढे दगड मांडले होते. बस उजवीकडून निघाली, तर समोरून कापसाने फुगलेली ट्रॉली आली. ड्रायव्हरने बस डावीकडे घेऊन ब्रेक मारला. चाकाखाली वाळका मका आला की तो छऱ्यांसारखा फिरतो. बस साइडपट्टीवर घसरली. साइडपट्टी म्हणजे डांबराच्या कडेची मातीची पट्टी. तिने बसला थांबवायला हवं होतं, पण तिने नालीची वाट दाखवली.

डेपो मॅनेजर जीपने आले. तापट पण सरळ माणूस.

"मॅडम, हा रस्ता आहे की खळं?"

"सध्या दोन्ही."

"आठ दिवस देतो. तोवर रस्ता मोकळा दिसला नाही, तर नवव्या दिवसापासून बस फाट्यावरूनच परत फिरेल. लेखी देतो."

फाटा गावापासून चार किलोमीटर. सकाळच्या त्या बसने गावातल्या नऊ मुली तालुक्याच्या कॉलेजला जात होत्या. दुसरी बस नव्हती.

खराटा आणि टोपलं घेऊन मका गोळा करणारी बाई हे ऐकून उठली. तिचं नाव सुनंदाबाई. मका तिचाच होता, आणि तिची मुलगी त्याच बसमधून खाली उतरली होती.

"मंग पोरी कश्या जातीन, साहेब?"

"फाट्यापर्यंत चालत."

"अंधारात निघतीन का? रानडुकरं फिरतेत त्या वावरातून?"

"मग मका घरी वाळवा, बाई."

ती माझ्याकडे वळली. "माह्या पोरीचे बारावीचे चारच मयने राह्यले, मॅडम. तिचा बाप तं बहानाच पाहून राह्यला. बस गेली का शाळा गेली, असं त्यानं आतापासूनच सांगतलं."

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

दुपारी उपअभियंत्यांच्या केबिनमध्ये गेले. साहेब फाइल न मिटता बोलले.

"बोर्ड लावला होता ना आपण? रस्त्यावर धान्य वाळवू नये म्हणून?"

"लावलाय सर. त्याला शेळी बांधतात. वर पोती वाळत घालतात."

"नोटिसा?"

"दोनदा दिल्या."

"मग गुन्हे दाखल करा."

"पहिला सरपंचांवर करावा लागेल. सगळ्यात जास्त मका त्यांचाच आहे."

साहेबांनी फाइल मिटली. "मग एखादा जनजागृतीचा कार्यक्रम घेऊ."

मागच्या वर्षीचा कार्यक्रम मला आठवत होता. हेल्मेट न घातलेल्यांना गुलाबाची फुलं वाटली होती. पाहुण्यांना ऊन लागू नये म्हणून मंडप घातला होता आणि तो अर्ध्या रस्त्यावर होता. त्या दिवशी वाहतूक पाऊण तास खोळंबली. हे मी साहेबांना बोलून दाखवलं नाही. मला त्यांची एक सही हवी होती, फक्त कशावर ते अजून ठरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रस्ता पायी चालले. दोन किलोमीटरमध्ये एकशे सत्तेचाळीस दगड मोजले. त्यातल्या बहुतेकांच्या आत धान्य नव्हतंच. मका संध्याकाळी उचलला जातो, दगड कुणी उचलत नाही. मोटरसायकलवाल्याला मारतो तो हा दगड. मका निदान दिसतो तरी.

मग एका ढिगात मनगटापर्यंत हात घातला. वरून कोमट, खाली चांगलाच गरम. काळं डांबर ऊन पितं आणि खालून परत देतं. मातीच्या अंगणात ज्याला चार दिवस लागतात ते इथे दोन दिवसांत होतं. व्यापारी ढिगात मीटर खुपसतो. ओलावा चौदा टक्क्यांच्या वर दिसला की तोंड वाकडं करतो. लोक अडाणीपणाने रस्त्यावर येत नव्हते. रस्ता हे त्यांच्याकडचं सगळ्यात चांगलं वाळवण होतं, आणि ते आम्हीच करून दिलं होतं. इंजिनिअर म्हणून मला हे जरा सुखावूनही गेलं.

म्हणजे त्यांना हटवायचं तर तसंच काळं, कडक, उघडं काहीतरी द्यायला हवं होतं. ते मला कार्यालयातल्या जुन्या नकाशात सापडलं. गावाच्या अलीकडे रस्त्याला पूर्वी मोठा मोड, म्हणजे वळण होतं. पंधरा वर्षांपूर्वी तो सरळ केला. सरळ केलं की जुना तुकडा धनुष्यासारखा बाजूला पडून राहतो. कागदावर तो खात्याचाच असतो, पण त्याच्याकडे कुणी जात नाही. जाऊन पाहिलं तर वेड्या बाभळी, दोन उकिरडे आणि कुटाराचा, म्हणजे भुश्याचा, एक ढीग. पण झुडपं बाजूला करून बघितलं तर डांबर अखंड. पंधरा वर्षं एकही वाहन न गेल्यामुळे तो आमच्या उपविभागातला सगळ्यात चांगला रस्ता होता.

उकिरडे माजी सरपंच आप्पासाहेबांचे. घरी गेले तर त्यांनी आधी चहा मागवला, मग हक्क सांगितला.

"चाळीस वर्सापासून हाय थो उकिरडा, मॅडम."

"आप्पासाहेब, पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत तिथून बस जात होती. तुमच्या उकिरड्यावरून जायची का?"

ओसरीवर बसलेला त्यांचा भाऊ खो खो हसला. "जात होती न बाप्पा. म्हनूनच तं सरळ केला रस्ता."

आप्पासाहेबांनी भावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उकिरडा हलवायला दोन दिवस मागितले. एका दिवसात हलवला.

साहेबांच्या सहीसाठी मी लिहिलं: 'रस्त्याच्या हद्दीतील झुडपे काढणे व जुना पृष्ठभाग साफ करणे.' त्यात मका हा शब्द कुठेही नव्हता. साइडपट्टीच्या कामावर एक जेसीबी होताच. एक दिवस बाभळी काढल्या, दुसऱ्या दिवशी टँकरने डांबर धुतलं. पांढऱ्या रंगाने चाळीस चौकटी आखल्या, आकडे टाकले. पहिली चौकट सुनंदाबाईला दिली, कारण तिने सगळ्यात आधी नाव लिहिलं होतं; बाकीच्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या. रस्त्यावरचे दगड ट्रॉलीत भरून नेले. पाचव्या दिवशी सकाळी मी फार खुशीत होते.

दुपारी जाऊन पाहिलं. जुना मोड रिकामा. मका पुन्हा मोठ्या रस्त्यावर, आणि भोवती नवे दगड.

सुनंदाबाई आपल्या मक्यात पाय घासत फिरत होती. असं केलं की खालचा दाणा वर येतो.

"काऊन हो सुनंदाबाई? तिकडं काय वाईट होतं?"

"वाईट काही नाई. तिकडं पाहाले कोन हाय?"

"म्हणजे?"

तिने स्टॉपकडे बोट केलं. तिथे सिमेंटचे तीन बाक होते आणि बाकांवर सात म्हातारे. "थे बुढे दिसतेत नं? तुमाले वाटत असन रिकामे बसतेत. सकायपासून संध्याकायपर्यंत बकऱ्या हाकलतेत, डुकरं हाकलतेत. म्हनून तं आमी मका टाकून वावरात जातो. तुमच्या मोडावर कोन बसन? तुमी?"

मी बाकांकडे बघत राहिले. तिला वाटलं, मला नीट समजलं नाही.

"अन् दुसरं सांगू का? हासू नका. इथं मका टाकला का येनारा-जानारा पाहते, कोनाचा किती झाला. वर्सभर राबाव अन् बाभयीमांग नेऊन टाकाव, हे बरं वाटत नाई कोनाले."

मी हसले नाही. आमच्या खात्यात रस्त्याखालच्या पाच फुटांच्या मोरीवरसुद्धा पुढाऱ्याच्या नावाची फरशी बसते. पीक चारचौघांत दिसावं असं एका बाईला वाटलं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मी उन्हाचा विचार केला होता, डांबराचा केला होता, उताराचाही केला होता. माणूस कुठे बसतो याचा केला नव्हता. मेहकरकडच्या शेतकऱ्याच्या घरात वाढूनसुद्धा.

स्टॉपवर गेले. म्हाताऱ्यांमध्ये शामराव नावाचे एक होते, ज्यांचं बाकीचे सहा ऐकत.

"शामरावकाका, हे बाक जुन्या मोडाच्या तोंडाशी नेले तर?"

"आमी काऊन जाव तिकडं?"

"निंबाची सावली आहे. इथं दुपारी टिनाखाली भाजता."

"बस दिसन का तिथून?"

"मोठा रस्ता दिसतो दोन्ही बाजूंनी. इथून एकाच बाजूचा दिसतो."

त्यांनी विचार केला. "चहावाला तिकडं येईन का बे?" हे शेजारच्या म्हाताऱ्याला.

"गिऱ्हाइक गेल्यावर जाईन कुठी?" तो म्हणाला.

मग साहेबांना फोन.

"बाक? बाक हलवणं आपल्या कामात कसं बसतं?"

"रोड फर्निचर, सर." फलक, कठडे, कडेचे पांढरे दगड यांना आम्ही रोड फर्निचर म्हणतो. त्याखाली खरोखरचं बसायचं काही आल्याची ही पहिलीच वेळ असावी.

"बाकांवर नाव आहे ना कुणाचं?"

"आहे. नाव रस्त्याच्या बाजूला येईल असे ठेवते. आत्तापेक्षा जास्त लोकांना दिसेल."

"मग हरकत नाही," साहेब म्हणाले.

सहाव्या दिवशी ग्रामपंचायतीचं पत्र घेतलं आणि सातव्या दिवशी सकाळी जेसीबीने तीन बाक उचलून निंबाखाली ठेवले. म्हातारे मागून चालत आले, जेसीबीवाल्याला सूचना देत. दुपारी अकरा चौकटी भरल्या. संध्याकाळपर्यंत सगळा मका मोडावर आला होता.

एक ढीग सोडून. आप्पासाहेबांचा.

"मी सतरा नंबरावर नाई टाकत," ते म्हणाले. "गावात काही इज्जत हाय का नाई?"

चिठ्ठीत त्यांना सतरावी चौकट आली होती. मी समजावलं, दुसऱ्या दिवशी मॅनेजर येणार असल्याचं सांगितलं. ते चहा मागवत राहिले. मला वाटलं, नऊ मुलींचं कॉलेज आता एका आकड्यावर अडणार.

आठव्या दिवशी पहाटेच मी गावात होते. सुनंदाबाई पहिल्या चौकटीतला आपला मका घमेल्याने पोत्यात भरत होती.

"हे काय?"

"सतरावर चालली मी. एक नंबर आप्पासायेबाले द्या. बाकासमोरचा हाय, साऱ्याईले दिसते."

"तुमचा नंबर आहे तो, बाई. त्यांनी हट्ट केला म्हणून तुम्ही का सोडायचा?"

"नंबर त्याले असू द्या. मले बस पाह्यजे."

आप्पासाहेबांना मी निरोप दिला की मानाची पहिली जागा त्यांच्यासाठी ठेवली आहे. त्यांचे दोन गडी वीस मिनिटांत आले. रस्ता झाडून होईपर्यंत लांबून बस दिसली.

मॅनेजर ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्यांनी बस गावाच्या पलीकडे नेली, वळवून आणली, खाली उतरून जुन्या मोडाकडे पाहिलं. पिवळाधमक मका, अर्धा किलोमीटर, मधून वाकत गेलेला. शामरावांनी त्यांना बाकावर सरकून जागा दिली.

"किती दिवस टिकेल हे, मॅडम?"

उत्तर शामरावांनी दिलं. "जवपर्यंत आमी हावो तवपर्यंत. मंग हे बसतीन," आणि त्यांनी पन्नाशीतल्या कंडक्टरकडे बोट केलं.

मॅनेजर हसले आणि बसमध्ये चढले. नऊ मुली मागून चढल्या. सुनंदाबाई सतरा नंबरच्या चौकटीत पाय घासत होती. तिने बस गेलेली पाहिली आणि पुन्हा खाली मान घातली.

पुढच्या महिन्यात मोडाचं लोकार्पण ठरलं होतं. फीत आली, पाहुणे आले, पण फीत बांधायची कुठे, सगळीकडे ज्वारीची कणसं आणि तूर होती. कुणी उचलेना. पाहुण्यांनी मोठ्या रस्त्यावरूनच भाषण केलं. मोड त्यानंतर तिसरा हंगाम चालू आहे. सुनंदाबाईची मुलगी बुलढाण्याला नर्सिंग शिकते. त्या दोन किलोमीटरमध्ये धान्यामुळे किंवा दगडामुळे पडल्याची नोंद माझ्याकडे आलेली नाही. नोंद शोधायला मी दर हंगामात स्वतः पायी जाते, कारण न आलेल्या नोंदीवर माझा विश्वास नाही.

माझ्या नावावर मोठा पूल नाही, उड्डाणपूल तर नाहीच. अर्धा किलोमीटर टाकून दिलेलं डांबर आणि तीन हलवलेले बाक आहेत. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. रस्त्याच्या ड्रॉइंगमध्ये झाड, विहीर, विजेचा खांब, मंदिर, सगळ्याला ठरलेलं चिन्ह असतं. म्हातारे कुठे बसतात याला नाही. मी आता तिथे पेन्सिलीने छोटा चौकोन काढते. साहेब विचारतात, हे काय आहे. मी म्हणते, अस्तित्वातील बांधकाम.