पुंजाभाऊची खूण

कधी तोंड बंद ठेवावं, हे मी साठाव्या वर्षी शिकली. शिकवलं आमच्या जानेफळच्या पुंजाजी गवंड्यानं.

मेहकरच्या दवाखान्यात दर बुधवारी आम्ही आठ जण गोल बसून मनातलं बोलतो. नवरा गेल्यावर माही झोप उडाली, म्हणून मी जाते. पुंजाभाऊचं दुखणं वेगळं. बांधकामाच्या परांचीवरून त्याचा जोडीदार भाऊराव पडला, कंबर मोडली. तवापासून बांबूवर पाय ठेवला की पुंजाभाऊ लटलट कापे. गवंडी अन् वर चढता येत नाही, मंग करावं काय?

बैठक संपली की ती घेणाऱ्या प्राची मॅडम कागद देत. त्यावर पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आजची बैठक कशी वाटली, तशी खूण करायची. पुंजाभाऊ सात बुधवार हसऱ्यावरच खूण करे, अन् भेव तितकंच. मॅडम कोड्यात पडल्या.

एस.टी.त मी त्याले झापलं, की खोटं काऊन लिहिता? तर हा बावा म्हणे, वाढणाऱ्याले कोणी मीठ कमी हाय म्हणते काय? मॅडम एवढा जीव लावतात. मी कपाळाले हात लावला. दवाखाना म्हणजे काय पंगत हाय?

आठव्या बुधवारी त्यानं रडक्यावर खूण केली, अन् वरून मॅडमची माफी मागितली. मॅडम तर खूश झाल्या. कागद त्यासाठीच असते म्हणे. आम्हाले परत बसवलं अन् त्याले विचारलं, काय कमी पडलं?

पुंजाभाऊनं मान खाली घातली. "परांची मीच बांधली होती. हे सांगाले तोंड उघडलं, की इथं म्हणतात, जाऊ द्या, तुमची चूक नाई. मले बोलूच देत नाईत."

असं म्हणणारी मीच होती. दर वेळी. मले वाटे, मी धीर देऊन राह्यली. अशी लाज वाटली, काय सांगू! त्या दिवशी मी पदर तोंडाशी धरून बसली. तो अर्धा तास बोलला. गाठ मारताना घाई काऊन केली, भाऊरावची बायको अजूनही चहा देते तवा घोट कसा उतरत नाही, सारं. कोणी मधात बोललं नाही.

मंग त्याच्या खुणा कधी या चेहऱ्यावर, कधी त्या. त्याचीही उडालेली झोप मात्र परत लागू लागली.

परवा माह्या घराच्या भिंतीले प्लास्टर करायले आला. परांचीची गाठ तीनदा ओढून पाह्यली, अन् चढला. मी खालून विचारलं, "कसं वाटते, पुंजाभाऊ?"

"भेव वाटते," तो म्हणे, अन् थापी मागितली.