ताराचा मरवा

नवऱ्याला सांगितलं नाही, बहिणीला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. तुम्हाला सांगते. मध्ये काही विचारू नका — थांबले तर पुन्हा सुरू व्हायची नाही.

आमचं घर हेब्बाळच्या तळ्याकडे. तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर या मुलखात आलेलं घराणं. घरात मराठी, अंगणाबाहेर कन्नड. परसात बायकांची बाग. घरची मुलगी सासरी निघाली की तिच्या हळदीच्या न्हाणाचं पाणी मरव्याच्या कोवळ्या रोपावर ओतायचं. तिथून पुढे ते रोप म्हणजे ती मुलगी. त्याला पाणी घाला, न घाला — तळं आटलं तरी ते हिरवं. मुलगी तिकडे दुःखात पडली तरच सुकायचं. आणि सुकलं, की घरच्या पुरुषांनी काही न विचारता निघायचं आणि तिला घेऊन यायचं. मुली पत्रात खोटं लिहितात. मरव्याला ते जमत नाही.

विश्वास बसत नाही? मी तुमकूरची, माझाही बसला नव्हता. आतेसासूबाई म्हैसूरला वारल्या, त्या सकाळी त्यांचं रोप माझ्या डोळ्यांदेखत काळं पडलं. तार दुपारी आली. मग बसला.

तारा माझी धाकटी नणंद. तिला तंजावरला दिली. कशी होती? चांगली होती — तीच तर अडचण. तिच्या हातचं सारू-भात, तिचा गळा, तिची रांगोळी. मी काहीही करायला घेतलं की सासूबाई म्हणायच्या, "स्वल्प तारासारखं कर ग." ती गेली आणि त्या घरात मला पहिल्यांदा जागा झाली. किल्ल्या माझ्या कमरेला आल्या.

वर्षाच्या आत एका सकाळी तिच्या मरव्यानं मान टाकलेली दिसली. बागेत सगळ्यांच्या आधी मीच जात असे. एक हाक मारायची होती. मी काय केलं? फुलबाजारात जाऊन तेवढंच रोप आणलं आणि तिच्या जागी लावलं. तिचं रोप मुळांसकट काढून फुटक्या कुंडीत, न्हाणीमागे सरपणाच्या आड ठेवलं. सासूबाईंना मोतीबिंदू, त्या बोटांनी चाचपत, वास घेत. "तारा सुखात आहे," म्हणाल्या. मी हो म्हटलं.

मी विसरून गेले, असं समजू नका. ते बाजारचं साधं रोप, त्याला पाणी लागायचंच. म्हणजे रोज सकाळी तांब्या घेऊन जायचं आणि कुणी बघत नाही ना ते पाहून ओतायचं. रोज. विसरणार कशी?

दोन वर्षांनी तारा एकटीच आली. डाव्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं. तिकडे काय झालं ते तिनं सांगितलं; ते तिचं आहे, मी सांगत नाही. तिचं एकच वाक्य सांगते — "अण्णा येईल म्हणून मी दाराकडे बघत बसायची, वहिनी." अण्णा म्हणजे माझा नवरा.

सासूबाईंनी तिला पोटाशी धरलं. मग भिंत धरत बागेत गेल्या, तो टवटवीत मरवा चाचपला, आणि परत येऊन म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. बागेतला जीव गेला. यापुढे हळदीचं पाणी मोरीत ओता."

न्हाणीमागच्या कुंडीत त्याच दुपारी पालवी फुटली होती. ती उचलून त्यांच्या हातात द्यायला काय लागलं असतं? सासूबाई गेल्या त्या बागेनं आपल्याला फसवलं असं मानूनच.

तारा इथेच असते. राजाजीनगरात एका शाळेत शिकवते. बरी आहे — कुंडीवरून कळतं. हाक मारायची तर मी तिच्या उजव्या बाजूला जाते.

यंदा माझ्या मुलीचं लग्न झालं. हळदीच्या पाण्याची घागर मीच उचलली. क्षणभर थांबले. तारा शेजारीच उभी होती. रोपावर ओतावं, तर बाग जिवंत आहे हे मला कसं ठाऊक, ते सांगावं लागलं असतं.

मोरीत ओतलं.

मुलीची पत्रं येतात. सुखात आहे, असं लिहिते.