नात्याच्या रकान्यात

गेल्या वर्षी एका शुक्रवारी सकाळी एक पत्र स्कॅन करायला प्रिंटरचं झाकण उघडलं, तर काचेवर माझा पासपोर्ट पालथा पडलेला. तो मी ठेवला नव्हता. माझा पासपोर्ट माझ्या कपाटात, कपड्यांच्या खाली असतो. मी तो कुणाच्या हातात देत नाही. घरात माझ्याशिवाय एकच माणूस होता आणि तो खाली भाजी आणायला गेला होता.

घर त्याचं, वेस्ट बेमधल्या एका टॉवरमध्ये. तो मूळचा नागपूरचा. शिकायला अमेरिकेत गेला, तिथला नागरिक झाला आणि मग कामासाठी दोह्यात आला, इंजिनिअर म्हणून. मी सेहेचाळीस वर्षांची, तो एक्कावन्नचा. दोघांचंही एकेक लग्न होऊन गेलेलं. माझा घटस्फोट जुना आहे. त्याचा आदल्या दिवाळीत झाला, असं त्याने मला सांगितलं होतं. "खलास! सुटलो एकदाचा," म्हणत पेढे आणले होते. जुलैमध्ये पुण्याला जाऊन नोंदणी लग्न करायचं ठरलं होतं.

तोवर आम्ही तसेच राहत होतो. इथे लग्नाशिवाय एकत्र राहणं कायद्यात बसत नाही. म्हणून कागदावर माझा पत्ता वेगळा होता: अल अझीझियात एका मालवणी नर्सच्या फ्लॅटमधली खोली. तिचं भाडं मी नेमाने भरत होते, माझे हिवाळी कपडेही तिथेच होते. मराठी मंडळातल्या बायकांना सगळं माहीत होतं. त्या मला वहिनी म्हणत नसत, पण हळदीकुंकवाला न्यायला गाडी मात्र बरोबर त्याच्या टॉवरखाली पाठवत.

मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. नकाशाची कुठली आवृत्ती कुणाकडे गेली, सही कुणी केली, जुनी प्रत रद्द झाली की नाही, हे बघायचं माझं काम. वीस वर्षं मी तेच करते आहे. एक कागद भलत्या जागी सापडला की त्याचा जोडीदार जवळपास असतोच. म्हणून मी त्याला फोन केला नाही. प्रिंटरखालचा ड्रॉवर उघडला.

आत अमेरिकेच्या इन्कम टॅक्सचा भरलेला फॉर्म होता, कच्चा. कतारमध्ये पगारावर कर नाही, पण अमेरिकेचा नागरिक कुठेही राहिला तरी त्याला तिकडचं विवरण भरावं लागतं, एवढं मला त्याच्याकडूनच माहीत होतं. पहिल्या पानावर 'अवलंबून असलेल्या व्यक्ती' या भागात माझं नाव होतं. नात्याच्या रकान्यात 'काही नाही'. शेजारी, ही व्यक्ती वर्षभर माझ्याच घरात राहिली, अशी खूण. खाली मला तिकडचा कर क्रमांक मिळावा म्हणून केलेला अर्ज आणि त्याला जोडायची पासपोर्टची प्रत.

ज्या गोष्टीसाठी मी दर महिन्याला दुसरं भाडं भरत होते, ती याने सरकारी कागदावर लिहून, वर माझा पासपोर्ट जोडून ठेवली होती.

मग मी पान वरून वाचायला घेतलं, जसं आधीच घ्यायला हवं होतं. अगदी वर एक ओळ होती: अविवाहित, की विवाहित. खूण 'विवाहित, विवरण वेगळं' या चौकोनात होती. त्यापुढे त्याच्या बायकोचं पूर्ण नाव.

तो आला तेव्हा मी कागद टेबलावर मांडून बसले होते. त्याच्या हातात मेथी आणि खुब्जच्या रोट्यांची पिशवी होती.

"अगं, ते ना," तो हसत म्हणाला, "ह्यूस्टनचा मित्र म्हणाला, पार्टनर घरातच राहते ना, टाक तिचं नाव. पाचशे डॉलर सुटतात."

"मी तुझ्यावर अवलंबून आहे?"

"फॉर्मपुरतं गं."

"माझा पगार फॉर्मला दिसत नाही का? आणि पासपोर्ट विचारून घ्यायचा असतो."

"झोपली होतीस. सरप्राइज द्यावं म्हटलं."

"दिलंस. आता हे वरचं वाच."

त्याने वाचलं. पिशवी खाली ठेवली. "ते टेक्निकल आहे. टॅक्सवाले एकतीस डिसेंबरचं स्टेटस धरतात. त्या दिवशीपर्यंत कोर्टाची ऑर्डर आली नव्हती."

"दिवाळी डिसेंबरनंतर येते?"

"दिवाळीत आमच्या दोघांच्या सह्या झाल्या होत्या. म्हणजे झालंच ना. जजची सही काय, फॉर्मॅलिटी."

"तू इंजिनिअर आहेस. मंजुरीची सही नसलेला नकाशा साइटवर पाठवतोस?"

त्याने पिशवीतून मेथीची जुडी काढून ओट्यावर ठेवली.

"मग ऑर्डर आली कधी?"

"फेब्रुवारीत आली असेल."

"असेल?"

"वकिलाकडे असेल गं. तू पण ना, घरात ऑफिस उघडतेस."

मी पासपोर्ट घेतला, कागदांचे मोबाइलवर फोटो काढले, टॅक्सी बोलावली आणि अल अझीझियाला गेले.

नर्स ड्यूटीवरून आली होती आणि पाय गरम पाण्यात घालून बसली होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाई गो! पाचशे डॉलरासाठी तुका पोरासारखी दाखवल्यान?" मग हसू आवरून, "पण तो लबाड की येडो?"

मला नेमकं हेच ठरवता येत नव्हतं. लबाड माणूस पासपोर्ट काचेवर विसरत नाही. पण येडा म्हणावा, तर बायकोचं नाव योग्य जागी, स्पेलिंगसकट, लिहिलेलं होतं. मला लागलीच एकेक गोष्ट आठवायला लागली. बाल्कनीत जाऊन घेतलेले फोन. मार्चमध्ये दहा दिवसांची अमेरिकेची ट्रिप, तिकडे भावाकडे राहणाऱ्या आईच्या मोतीबिंदूसाठी म्हणून केलेली. त्याच्या आईशी मी त्या दहा दिवसांत एकदाही बोलले नव्हते. त्या ट्रिपचे बोर्डिंग पास कुठे आहेत, इथपर्यंत माझी गाडी गेली.

मी मोबाइलवर त्या फॉर्मच्या सूचना काढून वाचल्या. अवलंबून दाखवायचं तर त्या व्यक्तीचं स्वतःचं उत्पन्न अगदी थोडं हवं, निम्म्याहून जास्त खर्च याने केलेला हवा, आणि ती तिथली नागरिक किंवा रहिवासी हवी. मी एकाही अटीत बसत नव्हते. शिवाय एक अट अशी होती की ते एकत्र राहणं जिथे राहता तिथल्या कायद्याविरुद्ध नको. ती मी नर्सला वाचून दाखवली.

"म्हणजे ह्यो कागद खोटो पण आसा आणि घातकी पण," ती म्हणाली. "चाय घेतलंस?"

फॉर्मवर बायकोचं आडनाव होतंच. केसचा अमेरिकेतला जिल्हा त्याच्याच बोलण्यातून माहीत होता; तिथल्या कोर्टाच्या साइटवर आडनाव टाकून केस शोधता येते. पंधरा मिनिटं लागली. केस सापडली. पुढे लिहिलं होतं: प्रलंबित. खाली शेवटची नोंद, नवऱ्याकडून एक शपथपत्र येणं बाकी. नोंद डिसेंबरातली होती.

फेब्रुवारीत काहीच झालं नव्हतं. मी जुलैत ज्या माणसाबरोबर रजिस्टरवर सही करणार होते, त्याचं लग्न अजून चालू होतं. तसं लग्न केलं असतं, तर ते लग्नच ठरलं नसतं.

मी त्याला स्क्रीनचा फोटो पाठवला. दोन तासांनी फोन आला.

"मला तो शपथपत्राचा फॉर्म आला होता," तो म्हणाला. "ईमेलमध्ये खाली गेला. पाठवतो मी, इन्शाल्ला, या आठवड्यात."

"मार्चमध्ये तिथे होतास तू."

"आईचं ऑपरेशन होतं."

"डोळ्याचं. आईच्या."

"तुला काय वाटतं, मला सुटायचं नाहीये?"

"मला काय वाटतं ते सोड. माझं नाव त्या टॅक्सच्या फॉर्मवरून काढ. कर क्रमांकाचा अर्ज फाडून त्याचा फोटो पाठव. जुलै रद्द."

ते शपथपत्र मी अर्ध्या तासात भरून दिलं असतं. नर्सही तेच म्हणाली, "तूच भरून दी मगे, तुझा कामच ता." मी भरलं नाही. त्याला खरंच सुटायचं आहे का, हे कळायची तेवढी एकच जागा माझ्याकडे होती. मी रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी कोर्टाची साइट उघडून बघत असे. पंधरवडा गेला, तीन आठवडे गेले. चोविसाव्या दिवशी शपथपत्र जमा झाल्याची नोंद दिसली. ऑर्डर पावसाळा संपता संपता आली, म्हणजे तिकडे पुण्यात पावसाळा. इथे नुसता सप्टेंबर.

त्यानंतर मी त्याच्या घरी राहायला गेले नाही. शनिवारी आम्ही जेवायला भेटत होतो, हॉटेलात. या वर्षी त्याने नवीन विवरण भरण्याआधी मला पाठवलं, न मागता. 'अविवाहित' समोर खूण. अवलंबून कुणी नाही. मी सगळी पानं मोजून बघितली. बरोबर होती.

मग गेल्या गुरुवारी तो ऑर्डरची शिक्क्याची प्रत घेऊन खोलीवर आला. नर्स दार उघडं ठेवून स्वयंपाकघरात उभी राहिली. मी शिक्का बघितला, केस नंबर साइटवरच्या नंबराशी ताडून बघितला.

"झालं समाधान?" त्याने विचारलं.

"कागद बरोबर आहे."

"आणि माणूस?"

"त्याची साइट नाही," मी म्हटलं. "यंदाच्या जुलैची रजा टाकूया."

रविवारी, म्हणजे इथल्या कामाच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मी माझ्या रजेचा अर्ज दिला. त्याला सांगितलं, तुझी रजा मंजूर झाल्याचा मेल मला आला की मी तिकिटं काढते. आज बुधवार आहे. विचारलं तर म्हणतो, मॅनेजर साइटवर आहे. असेलही. मी त्याला मॅनेजरचा नंबर मागितला आहे.