अर्धी वाचलेली बातमी

आमच्या भिवंडीच्या टेमघरात हळू कुणी बोलत नाही. नव्या माणसाला वाटतं, भांडण चाललंय. लूमच्या खटखटाटात आयुष्य काढलेल्यांचे कान अर्धे गेलेले, आणि बाकीच्यांना त्यांच्याशी ओरडून बोलायची सवय लागलेली. कुणाला काही गुपचूप सांगायचं तर वीज जायची वाट बघायची, नाहीतर शुक्रवारची. शुक्रवारी लूम बंद. आता गल्लीतले कितीतरी लूम भंगारात गेले. शांतता भरपूर झालीय. पण जिला सांगायचं होतं ती बाई राहिली नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

ती आमची शेजारीण. मी तिला खाला म्हणायचो, म्हणजे मावशी. कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. तिचं आणि माझ्या आईचं बोलणं डोळे मिटून ऐकलं तर कोण कुठली ते सांगता आलं नसतं. दोघींचं हाय-न्हाय एकच. दोघी एकाच वर्षी सुना म्हणून या गल्लीत आल्या. खाला तरुणपणीच विधवा झाली, मग लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरून तिने एका मुलीला वाढवलं आणि कल्याणला दिलं. कान तिथेच गेले. ईदला तिच्याकडून क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं ताट यायचं. ते रिकामं परत पाठवायचं नाही, म्हणून आई त्यात तांदळाच्या भाकऱ्या घालायची. आमच्या घरच्या हळदीत धवले गाणाऱ्या बायकांमध्ये खाला बसायची, आणि तिचा आवाज सगळ्यांच्या वर. कान नसल्यामुळे, असं आई म्हणायची.

आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं असं झालं की मला, पोटच्या पोराला, कळेना. खालाला कळायचं. धड ऐकू न येणाऱ्या बाईला धड बोलता न येणाऱ्या बाईचं सगळं समजायचं, हे कसं ते मला विचारू नका. माझं कामतघरच्या नाक्यावर औषधांचं दुकान, बायको शाळेत शिक्षिका. दुपारची नमाज झाली की खाला यायची. आईचे केस विंचरायची, मऊ भात कालवणात कुस्करून भरवायची, आणि मग दोघींच्या गप्पा. त्यात माझ्या बायकोची तक्रार बहुधा असावी, कारण ती शाळेतून आली की दोघी एकदम गप्प.

दोन हजार नऊ साली खालाचा हजच्या सोडतीत नंबर लागला. तेव्हा बाईमाणसाला एकटं जाता येत नसे, म्हणून सोबत तिचा धाकटा भाऊ. हजला निघणारा माणूस जायच्या आधी घरोघर जाऊन माफी मागतो. काही बोललो असेन, काही चुकलं असेल, तर मनात ठेवू नका. लोक हे निघायच्या आदल्या आठवड्यात करतात. खालाने नंबर लागल्या लागल्या सुरुवात केली. एवढी घाई कशाला, असं आम्ही विचारलं, तर म्हणाली की गल्ली मोठी आणि भांडणं जुनी, वेळ लागेल.

आमच्याकडे आली तेव्हा आधी आईसमोर बसली. आईने चांगल्या हाताने तिचा कान धरला आणि सोडेचना. मग खाला माझ्याकडे वळली. लहानपणी मी तिच्या भरलेल्या कांड्या खाडीत सोडल्या होत्या, बोटी म्हणून. त्यावरून तिने मला चोपलं होतं, त्याची माफी मागत होती. मी हसत हसत देऊन टाकली. माफी देणं किती सोपं असतं.

मग स्वाइन फ्लू आला. पुण्याच्या बातम्या यायला लागल्या आणि माझ्या दुकानासमोर मास्कसाठी रांग लागली. मास्क संपले, तेव्हा लोकांनी रुमाल बांधले. रुमालावर नीलगिरीचं तेल, गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी. ते दिवस म्हटले की मला आधी तो नीलगिरीचा वास आठवतो, आणि त्या वासातून आईची खोली. खालाने आईच्या उशाला तशीच पुरचुंडी बांधली होती.

त्याच दिवसांत पेपरात बातमी आली की साथीमुळे म्हाताऱ्या माणसांनी, जुनाट आजार असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी यंदा हजला येऊ नये, असं सौदीतून सांगण्यात आलंय. गल्लीत चर्चा सुरू झाली. कुणी म्हणे विमानतळावर कॅमेऱ्यात ताप दिसतो, तिथूनच परत पाठवतात. खाला माझ्याकडे आली. तिला वाचता येत नव्हतं, आणि रक्तदाब होता. गोळ्या माझ्याच दुकानातून जायच्या, म्हणजे पेपरातलं आणि औषधातलं दोन्ही मला कळणार. मी जेवायला घरी आलो होतो. तिच्या हातात आईच्या भाताची वाटी होती.

मी पेपर उघडला आणि तिला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हातारी माणसं, जुनाट आजार. तिथपर्यंत. खाली आणखी चार ओळी होत्या. हा सल्ला आहे, बंदी नाही. लसी घेतलेल्या आणि डॉक्टरांनी योग्य ठरवलेल्या माणसांना जाता येईल, असा त्यांचा मतलब होता. मी त्या वाचल्या, मनात. आणि पेपरची घडी घातली.

"म्हणजे मला न्हाय सोडणार?" तिने विचारलं.

"यंदा नाही, खाला."

ती आईकडे वळली आणि वाटीतला पुढचा घास तिने कालवला.

का केलं, तेही सांगतो. खाला महिना-सव्वा महिना गेली असती तर दुपारी आईजवळ कोण बसणार, हा प्रश्न मला नंबर लागल्या दिवसापासून खात होता. बायको रजा काढायला तयार नव्हती, आणि तिने का काढावी? मला दुकान बंद ठेवायचं नव्हतं. एक बाई ठेवून पाहिली होती. आईने तिच्या हातचा घास थुंकून टाकला. मला उत्तर सापडत नव्हतं, आणि ते पेपरात छापून आलं.

खालाचा भाऊ दुकानात आला. भला माणूस, बहिणीच्या शब्दाबाहेर नाही. डॉक्टरचा दाखला घेतला तर चालतं, असं ऐकलंय, म्हणाला. मी त्याला म्हटलं, दाखला काय, मिळेलही. पण एवढ्या गर्दीत तिला ताप आला तर परक्या मुलखात तुम्ही काय करणार? तो विचारात पडला. मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो. औषधवाल्याने काळजीने सांगावं तसंच सांगितलं. दाखल्याचं बहिणीच्या कानावर न घालता त्याने दोघांची नावं मागे घेतली.

नळावरच्या बायकांना मात्र ऊत आला. खालाने सगळ्यांशी मिटवून टाकलेलं, आता भांडायची सोय राहिली नाही. कुणी तिच्या हंड्यापुढे हंडा लावला की बाकीच्या म्हणायच्या, हाजीणबाय, आता राग धरायचा न्हाय हां. महिनाभर तिने सोसलं. मग एक दिवस म्हणाली, "तुम्ही दिलेल्या माफ्या सगळ्या परत घेऊन जा, मला ह्या नळावर जगायचंय." त्या दिवसापासून पुन्हा पूर्वीसारखं सुरू झालं. मी हे दुकानात गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचो.

गल्लीतले दुसरे दोघे हजला गेले. हार घातले, गाडीमागून पोरं धावली. खाला दारात उभी राहून बघत होती. गाडी वळल्यावर आत आली आणि आईचे केस विंचरायला बसली.

ते लोक तिकडे असतानाच आई गेली. दुपारी, खालाच्या मांडीवर डोकं असताना. मी दुकानातून धावत आलो तोवर खालाने तिचे डोळे मिटून, केस नीट करून ठेवले होते. दहाव्यापर्यंत भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला खाला एकच सांगत होती. "अल्लानं मला ह्याच्यासाठीच थांबवलं. न्हायतर ही माझ्याबिगर गेली असती." बायका डोळे पुसायच्या. मी तिथेच भिंतीला टेकून उभा असायचो. पेपरची घडी मी घातली होती, आणि ती देवाच्या नावावर खपली. मी ती खपू दिली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. म्हटलं, बघ, शेवटी चांगलंच झालं ना.

पुढच्या वर्षी खालाचा पुन्हा नंबर लागला. कित्येकांचा वर्षानुवर्षं लागत नाही, म्हणजे मी कशाशी खेळलो होतो ते बघा. या वेळी लसीच्या शिबिराला मीच तिला घेऊन गेलो. एका शाळेत शिबिर होतं. वर्गातल्या बुटक्या बाकांवर म्हातारी माणसं गुडघे वर करून बसलेली. आधी दंडावर मेंदूज्वराची लस, मग फ्लूची, आणि शेवटी पोलिओचे थेंब. सौदीचा नियम होता, इकडून जाणाऱ्या मोठ्या माणसांनाही थेंब पाजायचे. पांढऱ्या दाढीचे आजोबा चिमणीच्या पिल्लासारखे आ करून उभे आणि नर्स त्यांच्या जिभेवर थेंब टाकतेय. खालाला हसू आवरेना. तिची पाळी आली तेव्हा थेंब गिळून तिने करंगळी पुढे केली. पोरांच्या बोटाला शाई लावता, मग माझ्या का न्हाय? नर्सने खरंच मार्कर काढला आणि तिच्या नखावर खूण केली. सगळा वर्ग हसला. मीही पोट धरून हसलो.

लस घेतल्यावर थोडा वेळ बसवून ठेवायचे. शेजारच्या बाकावर एक म्हातारा होता, मेव्हण्याला घेऊन आलेला. खालाने त्याला कौतुकाने सांगितलं की मागल्या सालीच जाणार होते, पण साथ आली, म्हाताऱ्यांना बंदी झाली. तो म्हणाला की तो मागल्या सालीच जाऊन आला, घरवालीला घेऊन, आणि ती तर रोज इन्सुलिन घेते.

"वो तो मशवरा था, पाबंदी थोड़ी थी," तो म्हणाला. भिवंडीचा माणूस, मोठ्यानेच बोलला. खालाला स्वच्छ ऐकू गेलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मी नर्सकडे बघत होतो. मग तिने करंगळीवरची शाई अंगठ्याने चोळायला सुरुवात केली. राग आला असता तर ती रिक्षात बोलली असती, नळावर बोलायची तशी. घरापर्यंत ती नख चोळत राहिली.

निघायच्या आदल्या आठवड्यात ती पुन्हा घरोघर माफी मागत फिरली. या बाजूच्या सगळ्या घरी गेली, त्या बाजूच्या सगळ्या घरी गेली. ज्या बाईशी हंड्यावरून कायम वाद, तिच्याकडे दोन तास बसली. आमच्याकडे आली नाही. माझ्या बायकोने दोनदा चहाचं आधण ठेवलं आणि दोनदा बंद केलं. शेवटी म्हणाली, विसरल्या असतील. मी म्हटलं, असतील. मला कळत होतं. माझी माफी मागायचं तिच्याकडे काही उरलं नव्हतं. जायचं होतं ते मला. मधे एक भिंत होती फक्त, आणि मी चार दिवस ती भिंत बघत काढले.

निघायच्या दिवशी गल्लीत ही गर्दी. दोन्ही बाजूचे लूम चालू, पोरांचा गलका, गाडीचा हॉर्न. हार घालायच्या निमित्ताने मी पुढे गेलो आणि तिच्या कानाशी वाकलो.

"खाला, मला माफ कर."

"काय? जोरात बोल, ऐकू न्हाय येत."

सगळे माझ्याकडे बघत होते. तिचा भाऊ, माझी बायको, नळावरच्या सगळ्या जणी. मी तिच्या गळ्यातला हार सारखा केला.

"गोळ्या वेळेवर घे म्हटलं."

"घेईन," ती म्हणाली, आणि गाडीत बसली.

तिला तेव्हा ऐकू गेलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

परत आली ती चांगली ठणठणीत. घरोघर खजूर आणि मक्केहून आणलेलं जमजमचं पाणी वाटत फिरली. आमच्याकडे आली ती दुपारी, तिच्या नेहमीच्या वेळेला. बायको शाळेत होती. मी दुकान बंद ठेवलं होतं, तिची गाडी आल्याचं कळलं म्हणून. ती आईच्या खाटेवर बसली, जिथे आई गेल्यापासून बसली नव्हती. बाटलीचं झाकण उघडून मला म्हणाली, "तोंड उघड." मी आ केला. तिने बाटलीच्या झाकणातून माझ्या जिभेवर थोडं पाणी ओतलं. किंचित मचूळ लागलं. मी गिळलं.

ती लगेच उठली नाही. बाटलीचं झाकण लावलं, मांडीवरची ओढणी सारखी केली, भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. शुक्रवार होता. एकही लूम चालू नव्हता. बाहेर कुणीतरी सायकलची चेन बसवत होतं, तेवढंसुद्धा ऐकू येत होतं.

मी पाणी छान आहे म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली. अजून थोडा वेळ बसली. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली, आणि बाटली घेऊन पुढच्या घरी गेली.