सांडशीशेजारचा ग्रेनेड

मी जुने ग्रेनेड जमवतो. हसू नका. इंग्लंडात लीड्समधल्या आपल्या मंडळींना हे सांगितलं की ती आधी दचकतात, मग विचारतात, "अरे, बाकी लोक नाणी जमवतात, तुला हेच सापडलं?" त्यांना काय सांगणार! सगळे रिकामे, महायुद्धांच्या काळातले, आतली दारू कधीच काढून टाकलेले. मला स्फोटात काडीचाही रस नाही. मला रस त्यांच्या बुडाशी असलेल्या चकतीत. बिस्किटाएवढी ती चकती, आणि तिच्या कडेने बनवणाऱ्या कारखान्याची अक्षरं किंवा शिक्का. एरवी पलंगाच्या दांड्या, कुलपं, किटल्या ओतणारे हे लोक, आणि युद्ध लागलं म्हणून हे ओतत बसले. भिंग लावून ती झिजलेली अक्षरं जुळवायची आणि एकदाचं "अच्छा, तू त्यांचा होय!" म्हणायचं, एवढाच माझा आनंद.

नियम एकच. बुडाची चकती फिरवून उघडायची, आत डोळ्यांनी बघायचं. पोकळ दिसला तरच घ्यायचा. उघडत नसेल तर हात लावायचा नाही, जिथे आहे तिथेच ठेवून पोलिसांना फोन करायचा. चार वर्षांत हा नियम मी एकदाही मोडला नव्हता, आणि या छंदात नवीन येणाऱ्यांना तो मीच मोठ्या तोऱ्यात ऐकवायचो.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी शहराबाहेरच्या कार बूट सेलला, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजाराला, गेलो होतो. एका आजींनी नवऱ्याच्या गॅरेजमधलं सामान आणलं होतं. रंधे, पाने, गंजलेले खिळे, आणि त्या खोक्याच्या तळाशी हा. चकतीवर गंज चढला होता, पण गंजाखाली लंबवर्तुळात एक छोटी किल्ली अंधुक दिसत होती. किल्लीचा शिक्का मी तीन वर्षं शोधत होतो. चकती फिरवून पाहिली, हलेना. शेजारी एक माणूस त्याच खोक्यात डोकावत होता. माझी अक्कल नेमकी तेव्हाच चरायला गेली. घेतला आणि पिशवीत टाकला.

घरी येऊन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. मग कपाटातला त्याच जातीचा रिकामा ठेवला. नवा जड होता. गंजामुळे असेल म्हणून पुन्हा ठेवला. गंज एवढा जड नसतो, हे मला कळत होतं.

त्याच वेळी फोन करायला हवा होता. पण आमचा आयएलआरचा अर्ज गेलेला होता. इथे कायमचं राहायची परवानगी, पाच वर्षं नोकरीच्या व्हिसावर काढल्यानंतरची. माझा आणि बायकोचा, दोघांचाही, आणि उत्तर कुठल्याही दिवशी येणार होतं. अर्जात तुमच्या वर्तणुकीबद्दल पानंच्या पानं विचारतात. भारतीय माणूस, घरात भरलेला ग्रेनेड, दारात पोलीस. मी ते चित्र डोळ्यांसमोर आणलं आणि फोन खाली ठेवला. पत्र येऊ दे, मग करू. बागेतल्या शेडमध्ये बादलीत वाळू भरली आणि त्यात तो अलगद ठेवला. बायकोने विचारलं, "हा नवा रिकामा आहे ना रे?" मी म्हटलं, "म्हणजे काय!"

चार दिवस मी नीट जेवलो नाही. ऑनलाइन मीटिंग चालू असताना खिडकीतून शेडकडे बघत बसायचो. कोल्हा कुंपणावरून उडी मारून गेला तरी खुर्चीतून उठायचो. आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. ती रोज सकाळी दाराशी जाऊन पोस्टातून काय आलंय ते बघायची आणि म्हणायची, "आज नाही आलं. उद्या येईल. तू का असा सुकलायस?"

पाचव्या दिवशी खंडेनवमी होती. माझ्या लक्षातही नव्हतं. अकराच्या सुमारास चहा घ्यायला खाली आलो, तर आईने दिवाणखान्यात पाट मांडून पूजा केलेली. विळी, सुऱ्या, सांडशी, माझा जुना लॅपटॉप, बायकोचा स्टेथोस्कोप. त्यांच्यामागे माझे सगळे ग्रेनेड ओळीने, प्रत्येकाला हळदकुंकू. "शस्त्रंच ती," ती म्हणाली, "मग आजच्या दिवशी त्यांना कपाटात कसं ठेवायचं?" आणि सांडशीशेजारी, चकती वर करून, एक लख्ख घासलेला. वर पिवळं शेवंतीचं फूल. वीतभर अंतरावर निरांजन तेवत होतं.

"हा बिचारा शेडमध्ये बादलीत का टाकलास?" आई म्हणाली. "चिंच लावून काथ्याने चांगला घासला. बघ, कसं नाव दिसायला लागलंय."

आता जे सांगतो ते सांगायची मला लाज वाटते. मी आईला ओढलं नाही. निरांजन विझवलं नाही. मी वाकलो आणि वाचलं. किल्ली, तिच्याखाली दोन अक्षरं, तोच कारखाना. दोनतीन सेकंद मला आनंद झाला. मग डोळ्यांच्या कोपऱ्यात ज्योत हलली. निरांजन उचललं, आईचा दंड धरला, वर जाऊन रात्रपाळी करून झोपलेल्या बायकोला उठवलं आणि तिघं अनवाणी रस्त्यावर आलो. मग फोन केला.

वीस मिनिटांत रस्ता बंद झाला. शेजारी कोपऱ्यावर उभे, कुणी चपलांत, कुणी ओल्या केसांनी. सैन्याची गाडी आली. शेजारणीने दिलेली शाल आईला गुंडाळून मी तिला मराठीत सांगितलं, "आई, मला माहीत होतं तो भरलेला आहे म्हणून. पत्र येईपर्यंत लपवला होता. आता गेलं सगळं." बायको माझ्या उजव्या हाताला होती. ती थोडी बाजूला सरकली.

तासाभराने एक तरुण सार्जंट बाहेर आला. सोबत वही घेतलेली पोलीस बाई होती. तो भरलेलाच होता, सार्जंटने शांतपणे सांगितलं, आणि आत अजून दम होता. पोलीस बाईंनी मला विचारलं, "हा घरात कधीपासून होता? आणि तुम्हाला माहीत होतं का?"

मी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली. तिला इंग्रजी जेमतेम येतं. बालवाडीत शिकवताना जेवढं लागायचं तेवढंच.

"आय," ती छातीवर हात ठेवून म्हणाली. "टुडे. मार्केट. आय ब्रॉट. फॉर पूजा. सन डोन्ट नो." मग मला मराठीत, खालच्या आवाजात, "गप्प बस. मी काय, डिसेंबरात परत जाणार आहे."

पोलीस बाई माझ्याकडे बघत थांबल्या. बायकोही बघत होती. मला आवाज काढता आला असता. मी नाही काढला. पोलीस बाईंनी ते लिहून घेतलं, आईच्या हातावर थोपटलं आणि पुन्हा असं काही उचलू नका म्हणून प्रेमाने बजावलं. आईने शाळेतल्या मुलीसारखी मान हलवली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. परवानगी मिळाली. आईने साखर वाटली. बायकोने तिच्या हातून घेतली आणि माझ्याशी न बोलता कामावर गेली.

या उन्हाळ्यात आईला पुन्हा बोलवायचं ठरवलंय. काल तिचा फोन आला. भाचीने व्हिसाचा फॉर्म उघडून दिला होता.

"अरे, पूर्वी काही गैर वागलात का, असं काहीतरी विचारलंय," ती म्हणाली. "तिथे काय लिहू? आपण त्या दिवशी सांगितलं ते, का खरं? तुला त्रास व्हायला नको. तू सांगशील तसं लिहिते."

मी म्हटलं, "विचार करून सांगतो."

ती म्हणाली, "सावकाश सांग, काही घाई नाही," आणि मी नीट जेवतो का ते विचारलं.